बजेट नीट चाललंय, तरी पैशाची काळजी जात नाही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली काही वर्षं मी डोंबिवलीत ओळखीपाळखीच्या लोकांना घरचा जमाखर्च मांडून देते. फी वगैरे काही नाही, चहा पाजला तरी बास. मला वाटायचं बजेट बसलं की लोक गायब होणार, तर उलटंच, मेसेज तेव्हापासून सुरू होतात आणि बरेचसे रात्री बारानंतरचे. प्रश्न तेच तेच असतात म्हणून एकदाच सगळं लिहून काढलंय. प्रश्न लोकांच्याच शब्दात आहेत, नावंगावं काढून टाकलीत.

१. ताई, सगळा खर्च जाऊन महिन्याला आठ-दहा हजार उरतात, हप्ता वेळेवर जातो, तरी पैशाचं टेन्शन काही जात नाही. माझंच काही चुकतंय का?

नाही ओ. बजेट काय सांगतं, तर पैसे कुठे गेले आणि कुठे जाणार. रात्री तुम्हाला जो प्रश्न पडतो तो हा नसतोच, तो असतो ह्यांची नोकरी गेली तर, आईला ॲडमिट करायची वेळ आली तर, मुलीला बाहेरगावी शिकायला जायचं असेल तर. ह्याचं उत्तर किराणाच्या यादीत कितीही उकरलं तरी सापडणार नाही, आणि आपण नेमकं तेच करतो, जीवाला घोर लागला की पुन्हा हिशोब काढून बसतो. एका ताईंनी वर्षात तीनदा चहा पावडर बदलली, महिन्याला चाळीस एक रुपये वाचले असतील, आणि खरी भीती काय होती तर नवऱ्याच्या कंपनीत माणसं कमी करतायत ही. त्या भीतीवर त्यांनी काहीच केलं नव्हतं.

मी सांगते, काळजी कागदावर एका ओळीत लिहा, "अमुक झालं तर". पुढे लिहा की ह्यावर मला काही करता येतं का. येत असेल तर ते काम आणि तारीख. बऱ्याच काळज्या म्हणजे नुसती राहून गेलेली कामं असतात, नॉमिनी लावायचा राहिलाय, विम्याचे कागद वाचायचे राहिलेत. ज्या काळजीपुढे काहीच लिहिता येत नाही तिच्यासाठी प्रश्न ४ बघा.

२. बाजूला नेमके किती पैसे असले की निवांत व्हायचं? दोन लाख? दहा लाख?

रक्कम विचारू नका, महिने विचारा. पगार बंद झाला तर घर किती महिने चालेल, एवढंच बघायचं. आणि ते सगळ्या खर्चावर नाही, चुकवता येत नाही तेवढ्याच खर्चावर काढायचं.

एका चौकोनी कुटुंबाचं उदाहरण देते. घराचा हप्ता २२,०००, सोसायटी मेंटेनन्स ३,०००, किराणा-दूध-भाजी १४,०००, वीज-गॅस-मोबाईल ४,०००, शाळा ६,०००, आजीची औषधं ३,०००, लोकलचा पास आणि रिक्षा ३,०००, विम्याचे हप्ते महिन्यावर आणले तर ३,०००. झाले ५८,०००. एरवी त्यांचा खर्च ७४,००० असतो, पण नोकरी गेल्यावर कोणी हॉटेलात जात नाही. सहा महिन्यांचे ३ लाख ४८ हजार. ह्यांच्याकडे एफडी आणि सेव्हिंग मिळून चार लाख होते आणि तरी दोघं आपण रस्त्यावर येऊ म्हणून घाबरलेले, कारण हा भागाकार कोणी केलाच नव्हता. केल्यावर ते दादा दोन मिनिटं गप्प बसले आणि म्हणाले, "म्हणजे दिवाळीला नोकरी गेली तरी पुढच्या अक्षय्यतृतीयेपर्यंत चालेल". मला तो हिशोब जाम आवडला.

दोघं कमावणारे असाल तर चार महिनेही पुरतात, एकट्याच्या पगारावर घर असेल तर आठ-नऊ धरा. पगार ठरलेला नसेल तर प्रश्न ९.

३. मी दिवसातून दहा वेळा बँकेचं ॲप उघडून बॅलन्स बघतो. बघितल्यावर बरं वाटतं पण तासाभराने परत तेच. काय करू?

बॅलन्स बघून काळजी मिटत नाही, ती तासभर पुढे ढकलली जाते. शिवाय हल्ली प्रत्येक दहा रुपयांच्या यूपीआयला मेसेज येतो, वडापाव घेतला, टिंग, रिक्षा केली, टिंग, दिवसभर आपल्याला कोणीतरी "पैसे गेले, पैसे गेले" असं ओरडून सांगत असतं. पगार जमा झाल्याचा मेसेज महिन्यातून एकदाच. माणसाला मिळाल्याच्या आनंदापेक्षा गमावल्याचं दुःख जास्त टोचतं, त्यात दिवसाला पंधरा टोचण्या म्हटल्यावर काय होणार.

दोन खाती करा. पगार येतो त्या खात्यातून १ तारखेला घरखर्चाची रक्कम दुसऱ्या खात्यात टाका आणि यूपीआय फक्त त्या दुसऱ्या खात्यालाच जोडा. मुख्य खातं आठवड्यातून एकदाच बघायचं, वार ठरवून. मेसेज मात्र बंद करू नका, फ्रॉड झाला तर कळायला हवं, फक्त आवाज बंद करा. पहिले आठ-दहा दिवस हात शिवशिवतो.

४. आमच्या घरी लहानपणी खूप ओढगस्त होती. आता सगळं ठीक आहे पण भीती तशीच आहे. हे असं असतं का?

असतं. हे मी माझ्यावरूनच सांगते, जरा लांबेल.

माझे वडील लालबागच्या एका गिरणीत साचा खात्यात होते. १८ जानेवारी १९८२ ला डॉक्टर दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, जवळजवळ अडीच लाख कामगार बाहेर. महिन्याभरात मिटेल असं सगळे म्हणायचे. तो संप अधिकृतपणे कधी मागेच घेतला गेला नाही, नुसता विरत गेला. मी तेव्हा सहा वर्षांची. संप म्हणजे काय ते कळत नव्हतं पण भिंतीवरचं कॅलेंडर कळत होतं. आई रोजच्या चौकोनात दुधाचा आकडा लिहायची. जानेवारीत सगळीकडे १. होळीपर्यंत अर्धा. पावसाळ्यात पाव. गणपतीनंतर चौकोन कोरे. आईने आम्हाला "पैसे नाहीत" असं एकदाही सांगितलं नाही, फक्त पेन खिळ्याला लटकलेलं असायचं आणि ती त्याला हात लावायची नाही.

आज माझ्या घरी दूध दोन लिटर येतं, त्यातलं अर्धं कधीकधी नासतंसुद्धा. तरी महिन्याच्या शेवटी पोटात गोळा येतोच. ही भीती आजच्या बजेटची नाहीच मुळी, १९८२ च्या बजेटची आहे, तिला आजचं पासबुक दाखवून काही उपयोग होत नाही. मला उपयोग कशाचा झाला, तर भीती वाटली की स्वतःला विचारायचं, ही आत्ताची आहे का तेव्हाची? आत्ताची असेल तर प्रश्न १ सारखं काम शोधायचं. तेव्हाची असेल तर तिला बसू द्यायचं, हिशोब काढायचा नाही. घरात आई-वडील असतील तर त्या दिवसांबद्दल एकदा त्यांना नीट विचारा. मी आईला विचारलं तेव्हा कळलं की दूध बंद झालं त्या महिन्यात तिने खानावळीसाठी पोळ्या लाटायला घेतल्या होत्या. म्हणजे मला कोरे चौकोन आठवत होते आणि तिला पोळ्यांचे पैसे.

तुमच्या घरी गिरणी नसेल, दुष्काळ असेल, वडिलांचं दारूचं असेल, कोणी भागीदाराने फसवलेलं असेल. चाल साधारण तीच असते.

५. आमच्या ह्यांना कसलीच काळजी नाही आणि मला सगळी. मी बोलले की म्हणतात तू उगाच टेन्शन घेतेस.

हा प्रश्न बायका विचारतात तसा पुरुषही विचारतात, फक्त "ह्यांना"च्या जागी "हिला" येतं. मी बघितलंय, बहुतेक घरात काळजी त्यालाच जास्त असते ज्याला अर्धंच चित्र दिसतं. घरखर्च तुम्ही चालवता पण कर्ज किती उरलंय, पीएफमध्ये काय आहे, टर्म इन्शुरन्स आहे की नाही हे माहीत नाही, मग मन रिकाम्या जागा वाईटातलं वाईट टाकून भरतं. "टेन्शन घेऊ नको" ह्या वाक्याने आजवर कोणाचं टेन्शन गेलेलं मी पाहिलं नाही.

पगार झाल्यानंतरच्या रविवारी सकाळी वीस मिनिटं दोघांनी बसायचं. जेवताना नाही, झोपताना तर अजिबात नाही. कुठे किती आहे, कोणाचं देणं आहे, नॉमिनी कोण, सगळं एका वहीत. आणि वर्षातून एक महिना कामाची अदलाबदल करा, किराणा-भाजी-गॅस त्यांच्याकडे. एका दादांनी जूनमध्ये वह्यापुस्तकं, रेनकोट आणि शाळेच्या फीचा पहिला हप्ता एकत्र सांभाळला, त्यानंतर "उगाच" हा शब्द त्या घरातून गेला असं ऐकते.

६. गणपती, दिवाळी, शाळेची फी आली की माझं चांगलं चाललेलं बजेट कोसळतं आणि परत भीती सुरू. मग बजेट चांगलं आहे कसं म्हणायचं?

हे खर्च अचानक येत नाहीत, त्यांची तारीख कॅलेंडरवर छापलेली असते. वर्षातून एक-दोनदा येणारे सगळे खर्च लिहा, गाडीचा विमा, प्रॉपर्टी टॅक्स, फी, गणपतीला गावी जायचं भाडं, दिवाळीचे कपडे, लग्नाचे आहेर. बेरीज ७२,००० आली तर दर महिन्याला ६,००० वेगळ्या आरडीत. बास. पूर्वी ह्याच कामासाठी बायका भिशी लावायच्या, अजूनही लावतात, फक्त भिशीतले लोक घट्ट ओळखीचे हवेत.

७. पैसे आहेत पण खर्च करायला हात सुटत नाही. चप्पल घेतली तरी अपराधी वाटतं.

माझ्या मिक्सरच्या झाकणाची खटकी तुटली होती. तीन वर्षं मी एका हाताने झाकण दाबून चटणी वाटली. नवीन भांडं आठशे-नऊशेला मिळत होतं आणि माझी एफडी होती तीन लाखांची. एकदा झाकण उडालं, ओल्या नारळाची चटणी ट्यूबलाइटपर्यंत गेली, तेव्हा मुलगी म्हणाली, "आई, आपण गरीब आहोत का?" दुसऱ्या दिवशी भांडं आणलं.

अशा लोकांना मी उलटं बजेट देते. महिन्याला ठराविक रक्कम, समजा १,५००, ती स्वतःवर संपवायचीच, उरवून पुढच्या महिन्यात ढकलायची नाही. उरली तर बजेट चुकलं. सुरुवातीला लोक त्यातूनही मुलांसाठी डबे-बाटल्या आणतात, ते धरलं जाणार नाही.

८. मी डाळीच्या डब्यात थोडे पैसे लपवून ठेवते, घरात कोणाला माहीत नाही. हे चूक आहे का?

थोडी रोख घरात असावी, नेट बंद पडतं, रात्री-अपरात्री रिक्षावाला सुट्टे मागतो. चूक आहे ते कोणालाच माहीत नसणं. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे-हजारच्या नोटा बंद झाल्या तेव्हा किती बायकांना रव्याच्या, तांदळाच्या डब्यातले पैसे नवऱ्यासमोर काढावे लागले, काहींना कौतुक मिळालं, काहींची वर्षभर थट्टा झाली. घरात पैशावरून धाक किंवा मारहाण असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा डबा नको, स्वतःच्या एकटीच्या नावाचं खातं हवं आणि त्याचे मेसेज स्वतःच्याच मोबाईलवर.

९. माझं उत्पन्नच फिक्स नाही, कधी ६० हजार कधी १५. मला बजेट आणि शांतता दोन्ही जमेल का?

जमेल, पण तुमची काळजी अगदीच मनाची नाही हे आधी मान्य करूया. तामिळनाडूतल्या ऊस शेतकऱ्यांवर केलेला एक अभ्यास २०१३ मध्ये छापून आला, तेच शेतकरी ऊस तुटायच्या आधी हात तंग असताना डोकं चालवायच्या चाचण्यांमध्ये मागे पडले आणि पैसे आल्यावर पुढे गेले. माणसं तीच. आपल्याकडे कारखान्याच्या बिलाची वाट बघणाऱ्या घरात हे कोणाला वेगळं सांगायला नको.

उपाय एकच, स्वतःला पगार द्या. सगळं उत्पन्न एका खात्यात, त्यातून दर १ तारखेला ठरलेली रक्कम, समजा २८,०००, घरखर्चाला. जास्तीच्या महिन्यात जीव गेला तरी वर काढायचं नाही. ही रक्कम मागच्या बारा महिन्यांच्या सरासरीपेक्षा थोडी कमीच ठेवा. आणि प्रश्न २ मधले महिने तुमच्यासाठी नऊ ते बारा.

१०. सगळे पैसे एका सहकारी बँकेत आहेत. बँकच बुडाली तर?

ही काळजी खरी आहे आणि हिच्यावर काम आहे, म्हणजे चांगली काळजी. प्रत्येक खातेदाराला एका बँकेत मुद्दल आणि व्याज मिळून ५ लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे. ४ फेब्रुवारी २०२० पूर्वी ते १ लाखच होतं. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी ह्या सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला सहा महिन्यांत फक्त हजार रुपये काढायची परवानगी होती, ती रांग ज्यांनी बघितली त्यांना ही भीती समजावून सांगावी लागत नाही. २०२१ च्या दुरुस्तीनंतर निर्बंध आल्यापासून साधारण ९० दिवसांत विम्याची रक्कम मिळायची सोय झाली.

लोक हमखास चुकतात ते इथे: एकाच बँकेच्या तीन शाखांत ठेवले तरी विम्यासाठी बेरीज एकच धरली जाते, वेगळी बँक लागते. आणि पतसंस्थेला हे संरक्षण नाही, नाव, बोर्ड, काउंटर सगळं बँकेसारखं असलं तरी. अर्धा टक्का जास्त व्याजासाठी सासऱ्यांची सगळी ग्रॅच्युइटी पतसंस्थेत ठेवली असेल तर ह्या आठवड्यातच बोला.

११. हॉस्पिटलच्या खर्चाची जाम भीती वाटते. कंपनीचा मेडिक्लेम आहे, तो पुरेल?

नोकरी गेली की तो जातो, म्हणजे दोन संकटं एकाच दिवशी. स्वतःचा वेगळा घ्या, तब्येत बरी असतानाच, कारण आधीपासून असलेल्या आजाराला तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटीही शून्य झालाय. घेताना खोलीभाड्याची मर्यादा आहे का ते वाचाच, महागडी खोली घेतली तर नुसतं भाडंच नाही, बिलातले बाकीचे बरेच आकडे त्याच प्रमाणात कापतात. घरात सत्तरीच्या पुढचं माणूस असेल तर उत्पन्न कितीही असो, आयुष्मान कार्ड काढा, वर्षाला ५ लाखांपर्यंत कव्हर आहे. फक्त जवळचं कुठलं हॉस्पिटल त्यात आहे ते आजारी पडायच्या आधी बघून ठेवा.

१२. मला भीती वाटते की काळजी सोडली तर मी उधळा होईन. काळजी आहे म्हणूनच तर बचत होते ना?

बचत १ तारखेला आपोआप कापल्या जाणाऱ्या आरडीमुळे आणि पीपीएफमुळे होते. रात्री दोन वाजता छताकडे बघितल्याने एकही रुपया वाढलेला नाही, तपासून बघा.

१३. हे सगळं मनाचे खेळ म्हणता, पण माझी काळजी खरीच असेल तर? ओळखायचं कसं?

चांगला प्रश्न. आणि मी मनाचे खेळ म्हणतच नाहीये. "बजेट छान चाललंय" असं सांगणाऱ्या काही घरांत ते चाललेलं नसतं. क्रेडिट कार्डाचं पूर्ण बिल न भरता मिनिमम ड्यू भरताय का? त्यावर महिन्याला साधारण तीन-साडेतीन टक्के व्याज लागतं, वर्षाचं किती ते तुम्हीच काढा. सोनं गहाण ठेवून फक्त व्याज भरून नूतनीकरण चाललंय का? हप्त्यांची बेरीज हातात येणाऱ्या पगाराच्या निम्म्यावर गेलीये का? आरडी मोडून फी भरली का? ह्यातलं एक जरी हो असेल तर तुमची काळजी तुमच्या बजेटपेक्षा हुशार आहे, तिचं ऐका आणि आधी कार्ड संपवा. महागाईचंही तसंच. ६ टक्क्यांनी भाव वाढत गेले तर बारा वर्षांत खर्च दुप्पट, म्हणजे प्रश्न २ मधल्या घराचा हप्ता २२,००० च राहिला तरी बाकीचे ३६,००० जवळजवळ ७२,००० होणार. सगळेच पैसे सेव्हिंग खात्यात पडून असतील तर ही काळजी रास्त आहे.

१४. बजेट जमल्यापासून नातेवाईक उसने मागतात. नाही म्हटलं तर वाईट, दिले तर झोप नाही.

परत आले नाहीत तरी चालेल एवढेच द्या, आणि ती रक्कम प्रश्न ६ च्या यादीत वर्षाच्या सुरुवातीलाच टाका. रक्कम संपली की "ह्या वर्षीचे संपले ओ भाऊजी" हे खरं बोलता येतं. कर्जाला जामीन मात्र राहू नका. त्यात नाही म्हणताना मी नवऱ्याचं नाव पुढे करते आणि तो माझं.

१५. डॉक्टरकडे जाण्याइतकं हे कधी असतं?

महिना महिना झोप लागत नसेल, छातीत धडधडत असेल, पैशावरून मुलांवर हात उचलला जात असेल, कामात लक्ष लागत नसेल, तर वहीचं काम संपलं. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, १४४१६, मोफत, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. जीव द्यावासा वाटत असेल तर आजच फोन करा आणि घरातल्या एका माणसाला सांगा. बजेट चांगलं असलेल्या माणसालाही हे होतं, "तुला काय कमी आहे" म्हणणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका.

१६. दोन वर्षं रोज खर्च लिहितेय, आता कंटाळा आला. लिहिणं बंद केलं तर चालेल का?

दोन वर्षं आकडे सारखेच येतायत तर चालेल. १ तारखेचे ट्रान्सफर चालू ठेवा आणि महिन्याच्या शेवटी घरखर्चाच्या खात्यात किती उरले एवढा एकच आकडा बघा. सलग दोन महिने २५ तारखेच्या आत खडखडाट झाला तर वही परत काढा. मी रोजचं लिहिणं केव्हाच सोडलंय. कॅलेंडरवरचा दुधाचा चौकोन मात्र सुटलेला नाही, परवा लिहायचा राहिला तर अंथरुणातून उठून लिहून आले.